सावलीची अक्षरं



दशलक्षण पर्व जवळ आलं की आपल्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचनांची रीघ लागते. अभिषेक किती वाजता, विधानाला जोडीनं कोण बसणार, पूजेच्या थाळ्या कोण लावणार, संध्याकाळच्या प्रश्नमंचाची तयारी कुणाकडे. यंदा त्यात एक नवी हौस आली आहे. जाड, उठावदार, मागे सावली पडलेली अक्षरं! जुन्या सिनेमाच्या पोस्टरवर किंवा दुकानाच्या पाटीवर असायची ना, अगदी तशी. फोटो नाही, चित्र नाही, नुसत्या कीबोर्डवरच्या चिन्हांनी रचलेली. परभणीच्या एका सखीनं पाठवली, मग जिंतूरकडून आली, मग मानवतहून. तीन-चार जणींनी मला विचारलं, "ताई, हे कसं करतात? तुमच्या लेकीला येतं म्हणे."

लेकीला येतं, आणि तिच्याजवळ बसून मीही शिकले. आज ते सविस्तर सांगते. कृती सोपी आहे, रांगोळी येणाऱ्या बाईला तर फारच सोपी. पण कृतीबरोबर आमच्या घरात घडलेली एक गोष्टही सांगायची आहे. ती ऐकल्यावरच ही अक्षरं कुठे वापरायची आणि कुठे नाही, ते ठरवा.

सावली म्हणजे काय

माझं माहेर सेलूचं. लहानपणी बाजारात नवं दुकान उघडायचं असलं की आठ दिवस आधी पेंटर शिडी लावून बसायचा. दोरीला खडूची पूड लावून ती ताणायची आणि टिचकी मारून सोडायची, की पाटीवर सरळ रेघ उमटायची. त्या रेघेला लटकवल्यासारखी अक्षरं तो भरायचा. पण खरी गंमत शेवटच्या दिवशी. लाल अक्षराच्या उजव्या आणि खालच्या अंगाला तो काळी किंवा पिवळी पट्टी ओढायचा, आणि बघता बघता अक्षर पाटीतून बाहेर यायचं! आम्ही शाळेतून येताना ते बघायला थांबायचो.

त्या पट्टीमागे एकच नियम आहे. उजेड डावीकडून वरून येतोय असं धरायचं, म्हणजे सावली उजवीकडे खाली पडते. सगळ्या अक्षरांची सावली एकाच बाजूला. एकाची इकडे आणि एकाची तिकडे झाली की डोळा फसत नाही. मराठीत अक्षरांना असा बाज देणारी मोठी माणसं होऊन गेली. वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींमधली कमल शेडगे यांची अक्षरं तुमच्यापैकी अनेकींनी पाहिली असतील. नाटकाचं नाव नुसतं पाहूनच नाटक कसलं आहे ते कळायचं. २०२० साली ते गेले.

आपल्या जिल्ह्यात तर सावलीचा धडा दगडात आहे. जिंतूरच्या नेमगिरीला आपण सगळ्या जाऊन आलेल्या आहोत. गुहेत वाकून शिरायचं, डोळे अंधाराला सरावले की मूर्ती हळूहळू दिसू लागते. तिथले अंतरिक्ष पार्श्वनाथ भगवंत आठवा. एवढी मोठी मूर्ती, आणि लहानशा दगडाच्या आधारावर टेकलेली. ती अधर आहे हे आपल्याला कशामुळे कळतं? खालच्या फटीमुळे, त्या फटीतल्या काळोखामुळे. उचललेली वस्तू उचललेली दिसते ती तिच्या खालच्या सावलीनं.

कोरलेल्या अक्षराचंही तसंच. श्रवणबेळगोळला बाहुबली भगवंतांच्या पायाशी कोरलेला मराठी लेख आपल्या भाषेच्या अगदी जुन्या शिलालेखांत गणला जातो. दगडातली अशी अक्षरं भर दुपारी सपाट वाटतात; सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की खाचेत सावली भरते आणि ओळ वाचता येते. तिथे सावली खरी असते. पाटीवर ती रंगाची असते. फोनवर ती चिन्हांची करायची, एवढाच फरक.

भांड्यांवरची नावं आणि युनिकोड

आता थोडं तंत्राचं. घाबरू नका.

आपल्या आयांनी लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं ना, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं? मंदिराच्या भोजनशाळेत दहा घरची पातेली एकत्र झाली तरी आपलं पातेलं आपल्या घरी येतं, ते त्या नावामुळे. युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक अक्षरावर घातलेलं असं नाव. फक्त ते नाव म्हणजे एक आकडा असतो. आपल्या 'प' चा आकडा २३४६. मी सेलूत बसून 'प' टाइप केला की प्रत्यक्षात हा आकडा जातो, आणि अमेरिकेत बसलेल्या भाचीच्या फोनला कळतं की हा 'प'. तो दिसायला जाड की बारीक, गोल की चौकोनी, हे तिच्या फोनमधला फॉन्ट ठरवतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून होती. पुढे संगणकावर युनिकोड मराठी ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये घरोघरी पोचली, तो आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला.

त्याआधीचे दिवस आठवतात? मंडळाची पत्रिका डीटीपीवाल्याकडे करून घ्यायची. त्याच्या संगणकावर सगळं सुरेख मराठी दिसायचं. तीच फाइल घरी उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला! कारण त्या जुन्या फॉन्टांत आत इंग्रजी अक्षराचाच आकडा असायचा, वरून त्याला मराठी अक्षराचा मुखवटा घातलेला. मुखवटा असेल तिथे 'क', नसेल तिथे भलतंच काही. युनिकोडनं आपल्याला त्या कटकटीतून सोडवलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ही नटवी अक्षरं कुठून आली? गणिताच्या लोकांना एकाच सूत्रात साधा, जाड, तिरका, वळणदार असे वेगवेगळे 'ए' लागतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. म्हणून २००१ साली युनिकोडमध्ये गणितासाठी इंग्रजी अक्षरांचे असे वेगवेगळे साज वेगळे आकडे देऊन घातले गेले, जवळजवळ हजार चिन्हं. ती होती सूत्रांसाठी. पण लोकांनी ती उचलली आणि नावं सजवायला घेतली! 'फॅन्सी टेक्स्ट' म्हणून जे मिळतं ते बरंचसं हेच. देवनागरीला असे साज नाहीत, म्हणून बायका 'जय जिनेंद्र' इंग्रजी अक्षरांत लिहून नटवतात.

आपल्या धर्माच्या खुणाही या यादीत शोधून पाहिल्या. आपण मेसेजमध्ये टाकतो तो 卐 बहुतेक वेळा चिनी अक्षरांच्या रांगेतला असतो. स्वस्तिकाची वेगळी चिन्हं २००९ साली तिबेटी लिपीच्या रांगेत आली. आणि आपला जैन ओंकार, अरहंत, अशरीर, आचार्य, उपाध्याय आणि मुनी या पंचपरमेष्ठींच्या आद्याक्षरांचा, त्याला २०१५ साली देवनागरीच्या विस्तारित भागात स्वतःचं घर मिळालं. मला हे वाचून फार बरं वाटलं. पण ज्या फोनच्या फॉन्टमध्ये तो नाही तिथे अजून रिकामा चौकोनच दिसतो. जपून वापरा.

ठिपके मांडा

मराठी अक्षराला सावली द्यायची तर मग उपाय एकच. अक्षर 'लिहायचं' नाही, 'मांडायचं'. ठिपक्यांच्या रांगोळीसारखं.

जुन्या संगणकांवर यासाठी ठोकळे असत: भरलेला █, गडद ▓, मध्यम ▒, हलका ░. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या संगणकात हे होते आणि तिथून ते युनिकोडमध्ये आले. भरलेल्या ठोकळ्यांचं अक्षर, हलक्या ठोकळ्यांची सावली, ही ती जुनी पद्धत. फोनवर मात्र यात एक अडचण येते. ठोकळा आणि मोकळी जागा यांची रुंदी सारखी नसते, म्हणून ओळी सरकतात आणि 'प' चा पसारा होतो. रांगोळीचे ठिपके कमी-जास्त अंतरावर पडल्यासारखं. त्यामुळे फोनवर रंगीत चौकोन बरे. काळा, पांढरा, नारिंगी, सगळे एकाच मापाचे. मोकळ्या जागेतही पांढरा चौकोनच टाकायचा, स्पेस अजिबात नाही.

सात बाय सात ठिपके धरा. आधी काळ्या चौकोनांनी 'प' काढा: वर शिरोरेघ, खाली दोन उभ्या रेघा, मध्ये जोड, उजवी रेघ खालपर्यंत. मग प्रत्येक काळ्या चौकोनाच्या एक घर उजवीकडे आणि एक घर खाली पाहा. ते घर मोकळं असेल तर तिथे नारिंगी भरा. झाली सावली:

⬛⬛⬛⬛⬛⬛⬜
⬜⬛🟧🟧⬛🟧🟧
⬜⬛🟧⬜⬛🟧⬜
⬜⬛⬛⬛⬛🟧⬜
⬜⬜🟧🟧⬛🟧⬜
⬜⬜⬜⬜⬛🟧⬜
⬜⬜⬜⬜⬜🟧⬜

फोन जरा लांब धरून बघा. 'प' वर आलेला दिसतो की नाही?

काही बारकावे. एका ओळीत नऊ-दहापेक्षा जास्त चौकोन नकोत. लहान फोनवर ओळ तुटते आणि अक्षर मोडतं. म्हणून शब्द आडवा न मांडता एकाखाली एक अक्षर मांडा. आधी वहीच्या चौकटीच्या पानावर काढा, मग फोनवर घ्या. 'न', 'ग', 'प', 'म' सोपे. 'क' चा गोलावा चौकोनात बसवायला वेळ लागतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' शेवटी शिका. वेलांटी-उकार असेल तर वर-खाली दोन-दोन ओळी जास्त धरा. आणि सावली भरताना घाई नको. एक नारिंगी चौकोन चुकीच्या घरात गेला की उजेड दोन बाजूंनी आल्यासारखा वाटतो.

माझ्या लेकीनं असं 'पर्व' केलं तेव्हा पाऊण तास लागला. रांगोळीइतकाच.

मागच्या क्षमावाणीला

आता ती गोष्ट.

आमच्या घरी माझ्या सासऱ्यांची बहीण राहते. आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणतो. वय शहात्तर. काचबिंदूनं दृष्टी गेली आहे, एका डोळ्याला उजेड-अंधार तेवढा कळतो. पण बाई हुशार! आमच्या मुलानं त्यांच्या फोनमध्ये टॉकबॅक सुरू करून दिलं. स्क्रीनवर जिथे बोट ठेवावं ते फोन बोलून दाखवतो. महिनाभरात त्या स्वतः मेसेज उघडायला शिकल्या. सकाळी सामायिक झालं की फोन कानाशी धरून बसतात. मंदिरातल्या सूचना बऱ्याचदा मला त्यांच्याकडूनच कळतात.

आत्याबाईंची धाकटी जाऊ नांदेडकडे असते. शेताच्या वाटणीवरून दोघींचं बोलणं बंद झालेलं. आठ वर्षं. लग्नकार्यात समोर आल्या तरी नजर चुकवायच्या. दर वर्षी अनंत चतुर्दशीनंतर क्षमावाणी यायची, आत्याबाई सगळ्यांना फोन लावायला सांगायच्या, आणि तो एक नंबर आला की म्हणायच्या, "राहू दे."

मागच्या क्षमावाणीला दिवसभर मेसेज येत होते. दुपारी आत्याबाईंनी मला हाक मारली. "सूनबाई, अगं कोण्या लेकरानं खेळ केलाय वाटतं. नुसतं चौकोन, चौकोन म्हणतोय हा फोन. डोकं उठलं माझं." मी कणीक मळत होते. मेसेज कुठून आला विचारलं, तर म्हणाल्या नंबर नवा आहे, नाव नाही. त्यांनी फोन खाली ठेवला आणि पुढच्या कामाला लागल्या.

चार दिवसांनी लेक त्यांच्या फोनमधले नको ते फोटो पुसायला बसली. तिला तो मेसेज दिसला. वरून खाली रंगीत चौकोनांनी मांडलेली अक्षरं, पिवळी सावली दिलेली: क्षमा. आणि त्याखाली त्या गणितवाल्या नटव्या इंग्रजी अक्षरांत तीन ओळी. अक्का, माझं चुकलं. तुमची तब्येत कशी आहे. फोन करू का.

जाऊबाईंच्या नातवानं केलं होतं ते, त्याच्या फोनवरून. आजीनं सांगितलं आणि त्यानं हौसेनं सजवलं. 'क्ष' सुद्धा किती सुबक काढला होता! त्या पोराचं काहीच चुकलं नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे अक्षर ऐकू येत नाही.

पण विचार करा, तिकडे काय झालं असेल. मेसेज उघडला होता, त्यामुळे दोन निळ्या खुणा दिसत होत्या. म्हणजे अक्कांनी वाचलं. आणि उत्तर नाही. चार दिवस त्या बाईनं काय समजून घेतलं असेल?

लेकीनं मेसेज वाचून दाखवला तेव्हा आत्याबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लाव फोन. आत्ता लाव." मी लावून दिला आणि बाहेर आले. दार लोटून घेतलं. आतून बोलण्याचा आवाज येत होता, मध्येच रडण्याचा, मध्येच हसण्याचा. तासाभरानं बाहेर आल्या आणि चहा मागितला. एवढंच म्हणाल्या, "तिला वाटलं मी अजून राग धरून बसले. चार दिवस नीट जेवली नाही ती."

आता दोघी आठवड्यातून दोनदा तरी बोलतात. शेवट गोड झाला. पण लेकीनं तो मेसेज पाहिला नसता तर?

असं का होतं

वरचा तो 'प' पुन्हा बघा आणि मोजा. सोळा काळे, बारा नारिंगी, एकवीस पांढरे. एकूण एकोणपन्नास. साधा 'प' टाइप केला असता तर फोनला एकच आकडा मिळाला असता, २३४६, आणि तो म्हणाला असता 'प'. आता त्याच्याकडे एकोणपन्नास आकडे आहेत आणि त्यातला एकही 'प' नाही! फोन बिचारा खोटं बोलत नाही. चौकोन आहेत, तो चौकोन म्हणतो. नटव्या इंग्रजी अक्षरांचं तेच. काही फोन 'मॅथेमॅटिकल बोल्ड' अशी नावं घेत एकेक अक्षर वाचतात, काही ते शब्द गाळूनच टाकतात. जुन्या फॉन्टांची आठवण सांगितली ना मघाशी? दिसायला एक, आत दुसरंच. ज्या घोळातून आपण सुटलो होतो, हौसेपायी पुन्हा त्यातच शिरतो.

हे फक्त दृष्टी गेलेल्यांपुरतं नाही. सजवलेल्या शब्दात शोध चालत नाही. "विधानाची तारीख काय होती" म्हणून ग्रुपवर 'विधान' शोधलं तर तो मेसेज सापडणार नाही. जुन्या फोनवर काही चिन्हं उमटतच नाहीत. मोतीबिंदू, मधुमेहानं अधू झालेली नजर आपल्या मंडळात किती जणींना आहे, तुम्हीच मोजा. फोन वाचून दाखवतो म्हणून आज त्या आपल्या बरोबरीनं ग्रुपवर आहेत.

मला यात भाषा समिती आठवली. मुनीमहाराज ती पूर्णपणे पाळतात, आपण श्राविका शक्तीप्रमाणे. हिताचं, मोजकं आणि ऐकणाऱ्याला शंका राहणार नाही असं बोलणं. आणि तत्त्वार्थसूत्रात ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाची कारणं सांगितली आहेत, त्यात 'अंतराय' येतो, म्हणजे दुसऱ्याच्या ज्ञानात अडथळा आणणं. सजावट करणाऱ्या पोरीच्या मनात तसला भाव नसतो, हे मला माहीत आहे. तरी अडथळा तयार होतोय हे एकदा कळलं की तो बाजूला करणं आपल्या हातात येतं.

काही जणी म्हणाल्या, "मग सजवायचंच नाही का? आपल्या धर्मात काय सुंदर अक्षरांचं वावडं आहे?" मुळीच नाही! आपल्या परंपरेत आदिनाथ भगवंतांनी लिपी शिकवली ती मुलीला, ब्राह्मीला. आणि अंक सुंदरीला. अक्षरांवर तर आपल्या लेकींचा पहिला हक्क आहे. आणि अक्षरांचं चित्र करण्याची कलाही आपल्याकडे फार जुनी. आचार्य समंतभद्रांची 'स्तुतिविद्या' घ्या. चोवीस तीर्थंकरांची स्तुती, पण श्लोकांची अक्षरं मुरजाच्या म्हणजे मृदंगाच्या, चक्राच्या आकारात मांडता येतात. बघणारा थक्क होतो. पण डोळे मिटून कुणी तो श्लोक म्हटला तरी तो पूर्ण श्लोकच असतो. छंद तोच, अर्थ तोच, भक्ती तीच. चित्र वरचं आहे. ते दिसलं नाही म्हणून स्तुती अडत नाही.

मला वाटतं आपणही एवढंच करायचं आहे. शब्द आधी पूर्ण असू द्या. सावली त्याच्या मागे.

आमच्या मंडळात काय ठरलं

गेल्या बैठकीत आत्याबाई स्वतः आल्या होत्या. त्यांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवून तो चौकोनांचा मेसेज सगळ्यांना ऐकवला. दोन मिनिटं नुसतं चौकोन, चौकोन. आधी सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या. त्यानंतर या गोष्टी ठरल्या. तुम्हालाही उपयोगी पडतील:

१. वेळ, तारीख, ठिकाण, नाव, आणि मुनीमहाराज-माताजींच्या विहाराची सूचना नेहमी साध्या मराठी अक्षरांत. यात सजावट नको.

२. शब्द ठसठशीत करायचा असेल तर व्हॉट्सॲपमध्ये त्याच्या आधी आणि नंतर एकेक तारा टाका. शब्द जाड दिसतो, आत अक्षर तेच राहतं, फोन नीट वाचतो.

३. सावलीची अक्षरं करायची तर जरूर करा. पण मांडून झाल्यावर त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि फोटो म्हणून पाठवा. फोटोखाली तोच मजकूर साध्या अक्षरांत लिहा. नुसता फोटोही ऐकू येत नाही, हे विसरू नका.

४. सजवलेला मेसेज दुसरीकडून आला आणि पुढे पाठवायचा असेल, तर वर एक ओळ आपली घाला: यात काय लिहिलंय ते.

५. शंका असेल तर फोनमधलं 'सिलेक्ट टू स्पीक' सुरू करून आपलाच मेसेज एकदा ऐका. आपल्या कानाला कळला तर सगळ्यांना कळेल.

६. णमोकार मंत्राचे शब्द चौकोनांत तोडून मांडायचे नाहीत. दारातल्या रांगोळीत जिथे पाय पडतो तिथे आपण ते लिहीत नाही, तोच विनय इथेही.

आणि क्षमावाणीसाठी एक सातवी गोष्ट, आत्याबाईंनी सांगितलेली. ज्यांच्याशी खरोखर काही बिनसलं आहे त्यांना मेसेज नको, फोन करा. शंभर जणांना एकच सजवलेला मजकूर पाठवणं सोपं असतं. त्या एका नंबरला फोन लावणं अवघड. पण क्षमा मागायची असते ती बहुधा तिथेच.

दशलक्षणाच्या दहा दिवसांसाठी लेकीनं दहा अक्षरं मांडायला घेतली आहेत, रोज एका धर्माचं आद्याक्षर. पहिल्याच दिवशी उत्तम क्षमा, म्हणजे पहिलाच घास 'क्ष' चा! नऊ बाय नऊ ठिपक्यांत बसवायचा प्रयत्न चालू आहे. फोटो इथे टाकीन, आणि खाली साध्या अक्षरांत वर्णनही. तुमच्यापैकी कुणाला 'क्ष' याहून कमी ठिपक्यांत जमला तर वहीच्या पानाचा फोटो जरूर पाठवा.

जय जिनेंद्र.